मुलांचं परमिट आणि पहिलं लायसन्स : अमेरिकेतले अनुभव, नियम, शंका

रानजाई

नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात असतो. लेक पुढच्या महिन्यात साडेपंधराची होईल. तिच्या मैत्रिणींची परमिटं (शिकाऊ परवाने) आली आहेत, त्यामुळे घरात सध्या दुसरा विषय नाही. आम्ही दोघं भारतात पंचविशीच्या आसपास गाडी शिकलो आणि इथे आल्यावर मोठ्यांची परीक्षा देऊन मोकळे झालो. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळवण्याचा रस्ता आम्हाला सर्वस्वी नवा आहे. डीएमव्हीचं, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याचं, पुस्तक वाचलं. क्रम कळला, पण प्रत्यक्षात कुठे अडतं ते पुस्तकात नसतं.

विचारायचं ते असं: कागदपत्रं काय लागतात, क्लास ऑनलाइन लावायचा की प्रत्यक्ष, आणि मुख्य म्हणजे घरी सराव कसा करून घ्यायचा? मी तिच्या शेजारी बसण्याच्या नुसत्या विचारानेच माझे हातपाय गार पडतात. माझ्या भीतीपायी तिची हौस मारायची नाही आणि तिच्या हौसेपायी घाईही करायची नाही. इतर राज्यांतल्यांनीही लिहा, सगळ्यांनाच उपयोग होईल.

काजवा

रानजाई, आमची दोन्ही मुलं कॅलिफोर्नियातच यातून गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साडेपंधरा ते साडेसतरा या वयात परमिट हवं असेल तर ड्रायव्हर एज्युकेशनचा अभ्यासक्रम लागतो. तो ऑनलाइन केला तरी चालतो, आमच्या दोघांनी तसाच केला. अर्ज डीएमव्हीच्या संकेतस्थळावर भरायचा आणि त्यावर आईवडिलांची सही. ही सही करताना एक गोष्ट नीट समजून घ्या. मुलाच्या गाडी चालवण्यातून कोणाचं नुकसान झालं तर त्याची दिवाणी जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. मी पहिल्या वेळी न वाचता सही केली होती, दुसऱ्या वेळी मुलीला शेजारी बसवून तो मजकूर दोघांनी वाचला.

लेखी परीक्षेत १८ च्या आतल्या मुलांना ४६ प्रश्न असतात, ३८ बरोबर यावे लागतात. नापास झालं तर सात दिवस थांबून पुन्हा देता येते. मुलं बहुतेक वेळा अडकतात ती आकड्यांच्या प्रश्नांत: शाळेजवळचा वेग, फायर हायड्रंटपासूनचं अंतर, आडव्या रस्त्यावरचं नीट दिसत नाही अशा चौकात १५ मैलांची मर्यादा, असले प्रश्न. पुस्तक दोनदा वाचलं की जमतं.

आता जिथे बऱ्याच घरांत गोंधळ होतो ते सांगतो. परमिट हातात आलं म्हणजे लगेच गाडी काढता येते असं नाही. या वयाच्या मुलांचं परमिट लागू होतं ते ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रशिक्षकाबरोबर पहिला धडा होऊन त्याची सही मिळाल्यावर. त्याआधी पार्किंग लॉटमध्येसुद्धा तिच्या हाती चाक देऊ नका. मे-जूनमध्ये शाळा सुटल्यावर प्रशिक्षकांच्या वेळा भरून जातात, तेव्हा लेखी परीक्षेच्या आधीच वेळ ठरवून ठेवा.

नंतरचा हिशेब असा: प्रशिक्षकाबरोबर सहा तास. घरच्या किंवा ओळखीच्या, लायसन्स असलेल्या २५ वर्षांवरच्या माणसाबरोबर ५० तास, त्यातले १० रात्रीचे. परमिट किमान सहा महिने हातात असलं पाहिजे आणि वय १६ पूर्ण. मग रस्त्यावरची परीक्षा. पास झालं की प्रोव्हिजनल लायसन्स मिळतं आणि पुढचे १२ महिने रात्री ११ ते पहाटे ५ गाडी चालवता येत नाही, २० वर्षांच्या आतलं कोणी गाडीत घेता येत नाही. बरोबर २५ वर्षांवरचा लायसन्सधारक असेल तर दोन्ही चालतं. शाळा, नोकरी, दवाखाना यांसाठी काही सवलती आहेत, पण त्यांना सहीचं पत्र लागतं. आणि १८ पूर्ण होईपर्यंत गाडी चालवताना फोन अजिबात नाही, हँड्सफ्रीसुद्धा नाही.

सरावाबद्दल वेगळं लिहितो, तो मोठा विषय आहे.

शेवंती

आम्ही न्यू जर्सीत. इथे सोळाव्या वर्षी स्पेशल लर्नर्स परमिट मिळतं, त्यासाठी ड्रायव्हिंग स्कूलचे सहा तास लावावेच लागतात. प्रोबेशनरी लायसन्स सतराव्या वर्षी, आणि पूर्ण लायसन्स अठरानंतर. म्हणजे इथली मुलं तुमच्याकडच्यांपेक्षा जवळजवळ एका वर्षाने मागे असतात. माझा मुलगा त्याच्या कॅलिफोर्नियातल्या मावसभावाचं बघून फार चिडायचा.

इथला वेगळा नियम म्हणजे लाल स्टिकर. २०१० पासून परमिट किंवा प्रोबेशनरी लायसन्सवर असलेल्या २१ वर्षांखालच्या चालकाने पुढच्या आणि मागच्या नंबर प्लेटवर ते लावायचे. काढता-लावता येतात, म्हणजे मी गाडी घेतली की काढून ठेवायचे. मुलांना ते आवडत नाहीत. 'सगळ्यांना कळतं की मी नवीन आहे' ही तक्रार. मला मात्र ते बरे वाटतात, मागची गाडी थोडी दूर राहते. रात्री ११ नंतर चालवायचं नाही, बरोबर एकच जण घ्यायचा, हे आहेच.

न्यू यॉर्कमध्ये राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. ज्युनियर लायसन्स न्यू यॉर्क शहराच्या पाचही बरोंमध्ये, म्हणजे शहराच्या विभागांत, चालत नाही. माझी बहीण लाँग आयलंडला राहते, तिच्या मुलाला क्वीन्सच्या हद्दीपर्यंतच जाता यायचं. शाळेतून ड्रायव्हर एज्युकेशन पूर्ण केलं की सतराव्या वर्षी सीनियर लायसन्स मिळतं, मग ही अडचण सुटते.

उंबरठा

व्हर्जिनियाची गंमत वाटण्यासारखी पण मला मनापासून भावलेली पद्धत सांगते. इथे १८ च्या आतल्या मुलांना लायसन्स पोस्टाने थेट घरी येत नाही. आधी तात्पुरतं मिळतं आणि मग कोर्टातून बोलावणं येतं. मुलामुलींनी पालकांसह न्यायाधीशांसमोर हजर व्हायचं. आमच्या वेळी न्यायाधीशबाईंनी वीसेक मिनिटं बोलून एकेका मुलाचं नाव घेतलं आणि लायसन्स आधी पालकांच्या हातात दिलं. 'तुम्हाला योग्य वाटेल तेव्हा मुलाला द्या' म्हणाल्या. माझा मुलगा एरवी माझं ऐकताना डोळे फिरवतो, त्या दिवशी ताठ बसून ऐकत होता.

बाकी इथे परमिट साडेपंधराव्या वर्षी, ते नऊ महिने ठेवायचं, सराव ४५ तासांचा, त्यातले १५ सूर्यास्तानंतरचे. लायसन्स सोळा वर्षं तीन महिने झाल्यावर.

गारवा

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आम्ही एच-१बी (नोकरीच्या) व्हिसावर, मुलगी एच-४ (कुटुंबीयांच्या) व्हिसावर. तिला एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नाही. शाळेतल्या समुपदेशक म्हणाल्या की त्याशिवाय परमिट मिळत नाही. खरं आहे का? आम्ही टेक्सासमध्ये आहोत.

पाऊलवाट

गारवाताई, खरं नाही. माझा मुलगा एच-४ वर असताना टेक्सासमध्येच परमिट आणि लायसन्स दोन्ही मिळालं. एसएसएन ज्याला मिळूच शकत नाही त्याच्यासाठी वेगळी तरतूद असते. काही राज्यांत सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयातून 'हा अर्जदार पात्र नाही' असं पत्र आणायला सांगतात, तेव्हा तुमच्या राज्याच्या यादीत काय लिहिलंय ते आधी पाहा. पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (देशात राहायच्या मुदतीची नोंद) ची ताजी प्रत आणि तुमचं आय-७९७ (अर्ज मंजुरीचं पत्र) हे सगळं मूळ घेऊन जा. कागदांची तपासणी सेव्ह नावाच्या केंद्रीय यंत्रणेतून होते. कधी लगेच होते, कधी जादा पडताळणीत दिवस जातात. व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज चालू असेल तर हे दिवस वाढतात. लायसन्सची मुदतही आय-९४ च्या तारखेपर्यंतच मिळते, म्हणून मुदतवाढ झाली की लायसन्सचं नूतनीकरण विसरायचं नाही.

आता एक फार महत्त्वाची गोष्ट, कृपया सगळ्या व्हिसावाल्यांनी वाचा. लायसन्सच्या अर्जात मतदार नोंदणीचा प्रश्न असतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची पूर्वनोंदणीही तिथेच होते. मुलं भराभर सगळ्याला 'हो' करत जातात. जो नागरिक नाही त्याने 'मी नागरिक आहे' यावर खूण केली तर पुढे ग्रीन कार्डाच्या आणि नागरिकत्वाच्या वेळी ते गंभीर ठरू शकतं, चुकून झालं असं नंतर सांगत बसावं लागतं. अर्ज मुलाला भरू द्या, पण पाठवण्याआधी एकेक ओळ स्वतः वाचा. मी दोनदा वाचला होता.

टेक्सासचं म्हणाल तर परमिट पंधराव्या वर्षी, ते सहा महिने ठेवून सोळाव्या वर्षी लायसन्स. शाळेतून व्हीओई नावाचं हजेरीचं पत्र लागतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचं कार्यालय बंद असतं म्हणून ते मेमध्येच घेऊन ठेवा. परीक्षेआधी इम्पॅक्ट टेक्सासचा दोन तासांचा व्हिडिओ पाहून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते ९० दिवसच चालतं. आणि इथे पालकांना स्वतः शिकवण्याची मुभा आहे. त्यासाठी सुरुवात करण्याआधी टीडीएलआर या राज्याच्या परवाना खात्याकडून पालकांसाठीची मार्गदर्शिका रीतसर घ्यावी लागते. त्याआधी केलेले तास धरत नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचे तीन आठवडे असे वाया गेले.

गारवा

पाऊलवाट, किती किती आभार! मतदार नोंदणीचं तर कधी डोक्यातही आलं नसतं.

तळ्यातमळ्यात

एक वेगळा विचार मांडतो. एवढी धावपळ करण्यापेक्षा १८ पर्यंत थांबावं असं आमचं ठरलं आहे. मुलगा शाळेच्या बसने जातो, गाडीवाचून काही अडत नाही. कॅलिफोर्नियात १८ नंतर ड्रायव्हर एज्युकेशन नको, सहा महिने थांबणं नको, रात्रीचं आणि सोबत्यांचं बंधन नको. मोठा झाला की समजही आलेली असते.

ध्रुवतारा

तळ्यातमळ्यात, निर्णय तुमच्या घरचा आहे आणि मुलाला खरंच नको असेल तर त्याच्या मागे लागू नये हे मलाही पटतं. पण 'बंधनं नकोत' हा फायदा म्हणून मांडलात, त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. मी गेली बारा वर्षं शाळेच्या पालक समितीत या विषयावर काम करतेय.

ही पायऱ्यापायऱ्यांची पद्धत, आधी देखरेखीखाली, मग थोड्या बंधनांत, मग पूर्ण मोकळं, सगळ्यात आधी न्यूझीलंडने १९८७ मध्ये आणली. अमेरिकेत तिन्ही पायऱ्या असलेलं पहिलं राज्य फ्लोरिडा, १९९६. मागचं कारण साधं आहे. आईवडील शेजारी असताना मुलं फारसे अपघात करत नाहीत. ते होतात एकट्याने चालवायला लागल्यावर, आणि तेही पहिल्या काही महिन्यांत सर्वात जास्त. मैलांच्या हिशेबात पाहिलं तर १६ ते १९ वयाच्या चालकांच्या जीवघेण्या अपघातांचं प्रमाण २० आणि पुढच्या चालकांच्या जवळपास तिप्पट आहे. रात्री आणि गाडीत समवयस्क असताना हा धोका आणखी चढतो. म्हणूनच ती दोन बंधनं आहेत.

१८ व्या वर्षी कॅलिफोर्नियातला तुमचा मुलगा परीक्षा पास झाला तर दुसऱ्याच रात्री चार मित्रांना घेऊन फ्रीवेवर जाऊ शकतो. तोपर्यंत त्याने किती तास चालवलंय हे विचारणारं कोणी नसेल. आणि बहुधा त्याच सुमाराला तो कॉलेजसाठी घराबाहेर पडलेला असेल, म्हणजे शेजारी बसणारं माणूसही नसेल. न्यू जर्सीत १७ ते २० वयोगटालाही पायऱ्या चुकत नाहीत, ते मला जास्त योग्य वाटतं. तुम्ही १८ पर्यंत थांबलात तरी ५० तास घरच्या घरी पाळा एवढीच विनंती.

तळ्यातमळ्यात

हे शेवटचं पटलं. तासांची वही ठेवू. कॉलेजला जाण्याचा मुद्दा खरंच लक्षात आला नव्हता.

काजवा

सरावाबद्दल लिहितो म्हणालो होतो.

पहिले पाच-सहा तास रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये काढा. त्यात फक्त ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि चाक. एकच पाय, उजवा, दोन्ही पेडलना. डाव्या पायाने ब्रेक दाबायची सवय लागली की घाईत दोन्ही एकदम दाबले जातात. आरसे, सीट हे गाडी सुरू करण्याआधी, प्रत्येक वेळी. गाडी थांबवताना रेषेआधी थांबवायची, रेषेवर नाही. हे हातात बसेपर्यंत रस्त्यावर आणू नका, मूल कितीही म्हणालं तरी.

मग घराजवळचे गल्लीतले रस्ते, २५ मैलांचे. मग दोन लेनचे मोठे रस्ते. मग डावीकडे वळण्यासाठी वेगळा बाण नसलेला सिग्नल, ज्याला बहुतेक मुलं घाबरतात. फ्रीवे सगळ्यात शेवटी, तीसेक तास झाल्यावर. फ्रीवेवर चढताना रॅम्पवरच वेग वाढवायचा हे मुलांना पटत नाही, ती ३५ वर रखडतात आणि मागून येणाऱ्यांसाठी ते धोक्याचं असतं. पहिल्या वेळी प्रशिक्षकाबरोबर करून घ्या, त्याच्या बाजूला ब्रेक असतो.

आता आपल्या घरांतली खास अडचण. आपण बोलतो मराठी, शिकवतो अर्धं इंग्रजीत. मी पहिल्या दिवशी मुलीला 'राइट' म्हणालो, तिने विचारलं 'लेफ्ट घेऊ ना?', मी म्हणालो 'राइट, राइट!' म्हणजे बरोबर, आणि तिने चाक उजवीकडे वळवलं. लॉट रिकामा होता म्हणून काही झालं नाही. त्या दिवसापासून ठरवलं, दिशेसाठी फक्त लेफ्ट-राइट, आणि होकारासाठी 'बरोबर'. 'डावीकडे घे' हे इथे वाढलेल्या मुलांना विचार करून कळतं, आणि त्या विचाराला गाडीत वेळ नसतो. 'अगं बाई', 'अरे अरे' हे शब्द तर गाडीत वर्ज्य. त्यातून काय करायचं ते कळत नाही, नुसता गोळा येतो पोटात. 'ब्रेक' म्हणजे हळू दाब, 'थांब' म्हणजे पूर्ण दाब, एवढे दोनच आज्ञेचे शब्द ठेवा.

दुसरं, आपल्यातले बरेच जण डावीकडून चालणाऱ्या रहदारीत शिकलेले आहेत. आरशात बघितलं की झालं, मान कशाला वळवायची, ही आपली सवय. इथे लेन बदलताना खांद्यावरून मागे बघितलं नाही तर परीक्षक प्रत्येक वेळी गुण कापतो. स्टॉपच्या पाटीशी चाकं जरा हलती ठेवून पुढे सरकायचं हीसुद्धा आपलीच सवय. मुलं पंधरा वर्षं मागच्या सीटवरून आपल्याला बघत आलेली असतात. परमिट यायच्या सहा महिने आधीपासून मी स्वतः प्रत्येक स्टॉपला पूर्ण थांबायला लागलो.

रानजाई

काजवा, हे मी छापून फ्रिजवर लावलंय. 'अगं बाई' माझ्या तोंडी सतत असतं.

शेजारी बसताना स्वतःला कसं आवरायचं?

वळणवाट

मावशी, मी मुलीच्या बाजूने लिहू का? मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, लायसन्स सोळाव्या वर्षी मिळालं.

माझी आई शेजारी बसली की दाराची कडी घट्ट पकडायची आणि उजवा पाय जमिनीवर दाबायची. ती काही बोलायची नाही, तरी मला ते दिसायचं आणि माझं रस्त्यावरचं लक्ष आईवर जायचं. मग प्रशिक्षकांनी एक युक्ती सांगितली. मी चालवताना मला जे दिसतंय ते मोठ्याने बोलायचं. 'पुढे पिवळा होतोय, थांबतेय. उजवीकडे सायकलवाला आहे. पार्क केलेल्या गाडीचं दार उघडेल कदाचित.' त्याने आईला कळायला लागलं की मला दिसतंय, आणि तिचा हात कडीवरून सुटला. मलाही जिथे बघितलं नाही तिथे बोलायला काही नसायचं, म्हणजे चूक माझी मलाच सापडायची.

आणि गाडीत शाळेचे गुण, कॉलेजचे अर्ज, भावाशी झालेलं भांडण, हे विषय काढू नका प्लीज. झालेली चूकसुद्धा गाडी बाजूला थांबवून बोला.

पिंपळपान

पेनसिल्व्हेनियात ६५ तास लागतात, त्यातले १० रात्रीचे आणि पाच खराब हवेतले. त्या पाच तासांसाठी आम्ही पाऊस-बर्फाची वाट पाहायचो. फार शहाणा नियम आहे, आपल्या राज्यात नसला तरी पाळावा.

ओसरी

एवढे तास खरंच कोण मोजतं? आमच्या ओळखीत सगळ्यांनी फॉर्मवर सही करून टाकली, कोणी विचारलं नाही. दोघंही नोकरी करणाऱ्यांनी ५० तास आणायचे कुठून?

ध्रुवतारा

ओसरी, वेळ मिळत नाही ही अडचण खरी आहे, मी ती हलकी लेखत नाही. पण ते तास मोजायचे कारण डीएमव्ही नाही. मूल एकटं निघेल त्या दिवशी त्याने पावसात एकदा तरी ब्रेक दाबलेला असावा, समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपलेले असावेत, शाळेच्या बसचे लाल दिवे लुकलुकताना दोन्ही बाजूंनी थांबायचं हे प्रत्यक्ष केलेलं असावं, यासाठी ते आहेत. खोटी सही केली तर हे सगळं त्याला पहिल्यांदा एकट्याने भेटणार.

तास निघतात. शाळेत सोडायला जाताना तीच चालवेल, किराणा आणायला तीच, शिकवणीला तीच. आठवड्याला दोन तास म्हटले तरी सहा महिन्यांत ५० होतात. वेगळा वेळ काढायचा नाही, आहे त्या फेऱ्यांत चाक तिच्या हाती द्यायचं.

ओसरी

ठीक आहे. फेऱ्यांचं जमण्यासारखं आहे. उद्यापासून सुरू करतो.

वळणवाट

अजून एक सांगायचं होतं. लायसन्स मिळून तिसऱ्या महिन्यात माझ्याकडून अपघात झाला. मी एकटीच होते. मला दुकानाच्या आवारात डावीकडे वळायचं होतं, समोरून दोन लेन येत होत्या. जवळच्या लेनमधल्या काकूंनी गाडी थांबवून हाताने 'जा' म्हणून खूण केली. मी निघाले. त्यांच्या पलीकडच्या लेनमधली गाडी मला दिसत नव्हती आणि तिला मी. माझ्या उजव्या बाजूचं पुढचं दार आत गेलं. कोणाला लागलं नाही, पण मी कितीतरी वेळ थरथरत होते.

त्या काकू चांगल्या मनाने थांबल्या होत्या. पण त्या फक्त स्वतःच्या लेनबद्दल सांगू शकत होत्या. हे मला कुणी आधी शिकवलं नव्हतं. प्रत्येक आईबाबांनी मुलांना मुद्दाम सांगा, दुसऱ्याने हात केला म्हणून वळायचं नाही. स्वतःला सगळ्या लेन दिसल्याशिवाय थांबून राहायचं, मागचा कितीही हॉर्न वाजवो.

बाबांनी लायसन्स मिळालं त्याच दिवशी ग्लोव्ह कंपार्टमेंटमध्ये एक कागद ठेवला होता: धोक्याचे दिवे लाव, कोणाला लागलंय का बघ, ९११ ला फोन, मग समोरच्याचं लायसन्स, विमा आणि नंबर प्लेट यांचे फोटो, मग आम्हाला फोन. त्या क्षणी डोकं चालत नाही, तो कागदच उपयोगी पडला. कॅलिफोर्नियात नुकसान १००० डॉलरच्या वर असेल किंवा कोणाला लागलं असेल तर दहा दिवसांत डीएमव्हीला एसआर-१ फॉर्म भरून कळवावं लागतं, तेही बाबांना माहीत होतं.

काजवा

वळणवाट, हे लिहिलंस त्याबद्दल मनापासून आभार. मी आज मुलाला वाचून दाखवलं.

त्याच्या जोडीने पोलिसांनी थांबवलं तर काय करायचं हेही घरी एकदा करून बघा. उजवीकडे सुरक्षित जागी थांबायचं, इंजिन बंद, काच खाली, रात्र असेल तर आतला दिवा लावायचा, दोन्ही हात चाकावर दिसतील असे. कागद काढण्याआधी 'कागद कप्प्यात आहेत, काढू का?' असं विचारायचं. आम्ही ड्राइव्हवेमध्ये मी पोलीस होऊन दोनदा केलं.

कोणती गाडी द्यावी असं दोघातिघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं. फार ताकदीचं इंजिन नको, फार लहान गाडीही नको. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा) असायलाच हवं, २०१२ च्या मॉडेलपासून सगळ्या गाड्यांत ते सक्तीचं आहे. आयआयएचएस (विमा कंपन्यांची रस्ता सुरक्षा संस्था) आणि कन्झ्युमर रिपोर्ट्स (ग्राहकांसाठीची संस्था) मिळून मुलांसाठी योग्य अशा वापरलेल्या गाड्यांची यादी काढतात, ती पाहा. विमा कंपनीला परमिट आल्याबरोबर कळवा आणि चांगल्या गुणांची सवलत विचारा. बऱ्याच कंपन्या बी सरासरीवर देतात, पण आपण होऊन सांगत नाहीत.

रानजाई

साडेसात महिन्यांनी परत लिहितेय. हा धागा मी इतक्यांदा उघडला की आता पाठ झालाय.

लेखी परीक्षा पहिल्याच वेळी, ४३ बरोबर. प्रशिक्षकाचा पहिला धडा आधी ठरवला होता म्हणून परमिट चार दिवसांत लागू झालं. तासांची वही ५८ पर्यंत गेली, रात्रीचे १३.

रस्त्यावरच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली. गाडी चालवण्याच्या भागात १५ चुकांपर्यंत चालतात, तिच्या सहाच होत्या. पण लाल सिग्नलला उजवीकडे वळताना ती पूर्ण थांबली नाही, आणि ती एकच चूक गंभीर धरली जाते. गाडीतून उतरून तिने मला सांगितलं, 'आई, तू तिथे तशीच वळतेस.' मी कबूल केलं, आणि पुढचे १४ दिवस, म्हणजे पुन्हा परीक्षा देता येईपर्यंत, आम्ही दोघींनी सगळे उजवे वळसे मोजून तीन सेकंद थांबून घेतले. तिने माझे मोजले, मी तिचे. काल पास झाली. सायकल लेनमध्ये वळणाआधी कधी शिरायचं हेही या वेळी बरोबर केलं, वळणाच्या २०० फुटांच्या आत.

माझ्या हातपायांचं म्हणाल तर वळणवाटची युक्ती आम्ही पहिल्या आठवड्यापासून वापरली. तिला काय दिसतंय ते ऐकत राहिल्यावर मला वेगळं घाबरायला जागा उरली नाही. साधारण विसाव्या तासापासून मी शेजारी बसून रस्ता बघायला लागले, तिला नाही.

शेवंती

अभिनंदन दोघींचं! एकटी गेली का कुठे?

रानजाई

आज सकाळी वाचनालयात गेली, दीड मैल. फोन बॅगेत आणि बॅग मागच्या सीटवर, असं तिनेच ठरवलं. पोहोचल्यावर गाडी बंद करून मग निरोप पाठवला. परत येताना पाऊस लागला, पण पावसात चालवणं तिला नवीन नव्हतं म्हणे. आमच्या वहीत पावसाचे चारच तास आहेत. पाचव्याची सुरुवात आज झाली, पण एकटीने, म्हणून तो वहीत लिहायचा की नाही यावर आमचं अजून ठरत नाहीये.

पिंपळपान

लिहा. वेगळ्या शाईने.